हातावर पोट असणाऱ्यांचे निवृत्तिवेतन

नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय, चलार्थपत्र मुद्रणालय किंवा ओझरचा विमान कारखाना येथे नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्या निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्या दिवशी त्याचे काम थांबते, परंतु मिळकत सर्वस्वी थांबत नाही. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, निवृत्तिवेतन अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने नोकरीच्या काळातील श्रम वृद्धापकाळी त्याच्या उपयोगी पडतात. याच जिल्ह्यातील येवल्याचा पैठणी विणकर, जुन्या नाशकातील तांबट, मालेगावात स्वतःचे चार माग चालविणारा यंत्रमागधारक, पंचवटीतील फुलविक्रेता, त्र्यंबकेश्वरचा पुरोहित, रिक्षाचालक, शिंपी, द्राक्षबागाईतदार यांना निवृत्तीची तारीख नसते. ज्या दिवशी डोळ्यांना जर दिसेनासा होतो किंवा हातात हातोडा ठरत नाही, तो त्यांचा निवृत्तीचा दिवस. त्या दिवसासाठी कोणी मालक पैसे कापून ठेवत नाही, कारण मालक तो स्वतःच असतो.

अशा स्वयंरोजगारी व्यक्तींसाठी आज एकापेक्षा अधिक निवृत्तिवेतन योजना उपलब्ध आहेत. त्यांची नावे ग्रामपंचायतींच्या भिंतींवर आणि बँकांच्या फलकांवर वाचावयास मिळतात. मात्र त्यांतील एक अट पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही. निश्चित रकमेची हमी देणाऱ्या बहुतेक सर्व योजनांचे दार वयाच्या चाळिसाव्या वर्षी बंद होते, आणि वृद्धापकाळाची काळजी माणसाच्या मनात शिरते ती साधारणतः चाळिशी ओलांडल्यावर. मुलांची शिक्षणे मार्गी लागली, घरावर पत्रे किंवा स्लॅब पडला, आता स्वतःचे पाहू, असे म्हणून तो बँकेत जातो आणि वय उलटून गेल्याचे ऐकून परत येतो. हे टाळणे योजनेच्या रचनेपेक्षा वेळेवर मिळणाऱ्या माहितीवर अधिक अवलंबून आहे.

आधी पाहावे : खरोखर स्वयंरोजगारी कोण?

योजना निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे हिताचे ठरते. काही श्रमिक स्वतःस स्वयंरोजगारी समजतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते कामगार असतात व त्यांचा हक्क याहून मोठा असतो. सिन्नर परिसरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पाने व तंबाखू घरी आणावयाची, विड्या वळावयाच्या व मोजून द्यावयाच्या. कारखान्याची पायरी न चढता चालणारे हे काम वरवर पाहता स्वतःचा धंदा वाटतो. तथापि १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरकाम करणाऱ्यांनाही कामगार मानले, १९७७ मध्ये विडी उद्योगास भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला आणि घरी विड्या वळणारे कामगार त्या कायद्याच्या कक्षेत येतात असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. अशा स्त्रीस प्रथम भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याची चौकशी करावयास सांगितले पाहिजे. इतर योजना त्यानंतरच्या.

लासलगाव, पिंपळगाव बसवंत येथील कांद्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालांची गोष्टही काहीशी अशीच आहे. त्यांना कायमचा एक मालक नसतो. सकाळी एका आडत्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा करून यावर तोड काढली. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक दराने लेव्ही मंडळाकडे भरावयाची व मंडळाने त्यातून नोंदीत हमालाचा भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची तरतूद करावयाची, अशी ही पद्धत आहे. मालक अनेक असले तरी वृद्धापकाळाची शिदोरी एका ठिकाणी साठू शकते हे या कायद्याने दाखवून दिले. परंतु विणकर, तांबट, फुलविक्रेता यांच्या बाबतीत लेव्ही कोणाकडून घ्यावयाची? त्यांचा मालक म्हणजे बाजारपेठ, आणि बाजारपेठेकडे वर्गणी मागता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी स्वतःच्या वर्गणीवर आधारलेल्या योजना आखाव्या लागल्या.

उलट्या दिशेने आलेली योजना

या योजनांचा पूर्वेतिहास थोडा विलक्षण आहे. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, व त्याखालील निवृत्तिवेतन योजना १९९५ ची. दोन्ही नोकरदारांसाठी. असंघटित क्षेत्रातील कोट्यवधी लोकांच्या वृद्धापकाळाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने १९९८ मध्ये सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. प्रत्येक नागरिकाचे स्वतःचे, गाव किंवा धंदा बदलला तरी कायम राहणारे निवृत्तिवेतन खाते असावे, अशी कल्पना या समितीने २००० साली मांडली. त्या विचारातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली आकारास आली. परंतु ती प्रथम लागू झाली ती १ जानेवारी २००४ पासून केंद्र शासनाच्या सेवेत येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यांना. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना वर्गणीवर आधारित निवृत्तिवेतनाचा अनुभव आहेच. ज्यांच्यासाठी मूळ विचार झाला त्या सर्वसामान्य नागरिकांना या प्रणालीचे दार उघडले ते १ मे २००९ रोजी. विहीर ज्याच्या शेतासाठी खणली, त्याला पाणी शेवटी मिळावे, तसाच हा प्रकार झाला.

अल्प उत्पन्न असणाऱ्यांना या प्रणालीकडे वळविण्यासाठी २०१० साली स्वावलंबन योजना सुरू झाली. तीत खातेदाराच्या वर्गणीबरोबर केंद्र शासन वर्षाला एक हजार रुपये घालत असे. साठीनंतर नेमके किती मिळणार याची हमी मात्र तीत नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली.

अटल पेन्शन योजना

१८ ते ४० वर्षे वयोगटातील, बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खाते असलेल्या व्यक्तीस या योजनेत भाग घेता येतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र नव्याने प्रवेश नाही. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर दरमहा एक, दोन, तीन, चार किंवा पाच हजार रुपये निवृत्तिवेतनाची हमी मिळते. खातेदाराच्या पश्चात पती किंवा पत्नीस तेच निवृत्तिवेतन हयातभर मिळते व दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम वारसास दिली जाते. पाच हजारांच्या टप्प्यासाठी ही रक्कम साडेआठ लाख रुपये व एक हजाराच्या टप्प्यासाठी एक लाख सत्तर हजार रुपये ठरविण्यात आली आहे.

वयाचा परिणाम किती होतो ते वर्गणीच्या कोष्टकावरून कळते. पाच हजार रुपये निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यास दरमहा २१० रुपये भरावे लागतात. तिसाव्या वर्षी हाच आकडा ५७७ रुपये होतो आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये. अठराव्या वर्षी सुरुवात करणारा बेचाळीस वर्षांत एकूण १ लाख ५ हजार ८४० रुपये भरतो. चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणारा वीसच वर्षे भरतो, तरीही त्याची एकूण वर्गणी ३ लाख ४८ हजार ९६० रुपये होते. निवृत्तिवेतन दोघांनाही सारखेच. फरकाची रक्कम पहिल्याच्या बाबतीत व्याजाने भरलेली असते. व्याजाला काम करावयास काळ लागतो, एवढेच या हिशेबाचे मर्म आहे. सावकाराच्या व्याजाचा अनुभव असलेल्या माणसाला हे चक्र दुसऱ्या बाजूने समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

प्रत्यक्षात बहुसंख्य खातेदारांनी एक हजार रुपयांचा सर्वांत खालचा टप्पा निवडलेला आढळतो. तिशीतील माणसाला त्यासाठी दरमहा ११६ रुपये पडतात, आणि खाते उघडताना समोरचा कर्मचारीही पुष्कळदा तोच आकडा सुचवितो. हा टप्पा पुढे वाढविता येतो, वर्षातून एकदा तशी मुभा आहे व त्यासाठी वर्गणीतील फरक भरावा लागतो, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हमीची रक्कम ठरलेली आहे. तिच्याशी महागाई भत्ता जोडलेला नाही. वस्तूंच्या किमती दरसाल पाच टक्क्यांनी वाढल्या तर साधारण चौदा वर्षांत त्या दुप्पट होतात. म्हणजे आज अठरा वर्षांचा असलेला तरुण साठीस पोहोचेपर्यंत त्या आठपट झालेल्या असतील व त्याच्या पाच हजारांची किंमत आजच्या सुमारे सव्वासहाशे रुपयांइतकी असेल. योजना निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. ती पाया आहे, घर नव्हे. पाया घातल्यावर भिंती दुसऱ्या साधनांनी उभाराव्या लागतात. तसे न सांगता योजना गळी उतरविली तर पुढील पिढीत तिच्यावरचा विश्वासच उडण्याचा धोका आहे.

मानधनाच्या तीन योजना

२०१९ साली केंद्र शासनाने दरमहा तीन हजार रुपयांच्या आणखी तीन योजना जाहीर केल्या. पंधरा हजार रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्या असंघटित श्रमिकांसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी किसान मानधन आणि दीड कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानदार व लहान व्यापाऱ्यांसाठी तिसरी. वयाची अट तीच, १८ ते ४०. वर्गणी वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये, आणि तितकीच रक्कम केंद्र शासनाची. एकोणतिसाव्या वर्षी प्रवेश घेणारा शंभर रुपये भरतो तेव्हा शासनही शंभर रुपये घालते. खातेदाराच्या पश्चात पती किंवा पत्नीस निम्मे, म्हणजे दीड हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते. परंतु अटल पेन्शन योजनेप्रमाणे दोघांच्या पश्चात वारसास रक्कम मिळण्याची सोय यांत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे सदस्य, कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगार व प्राप्तिकरदाते यांस श्रमयोगी मानधन योजनेत स्थान नाही. या योजनांची नोंदणी सामाईक सेवा केंद्रांमार्फत होत आली आहे, आणि नोंदणीपूर्वी तेथे चालू स्थितीची चौकशी करणे श्रेयस्कर.

शेतकऱ्यांच्या बाबतीत एक सोय उल्लेखनीय आहे. पीएम-किसान योजनेखाली वर्षाला मिळणाऱ्या सहा हजार रुपयांतूनच मानधनाची वर्गणी परस्पर वळती करता येते. वर्गणी वर्षाला ६६० ते २,४०० रुपयांच्या दरम्यान असल्याने खिशात हात घालण्याचा प्रसंगच येत नाही. व्यापाऱ्यांच्या योजनेकडून २०१९ च्या अर्थसंकल्पात सुमारे तीन कोटी दुकानदारांना लाभ होण्याची अपेक्षा व्यक्त झाली होती. प्रतिसाद त्या मानाने अत्यल्प राहिला. उलाढाल, कर, नोंदणी हे शब्द कानी पडताच लहान दुकानदार दोन पावले मागे सरतो, हे त्याचे एक कारण असावे.

मिळकतीची चाल व हप्त्याची चाल

पगारदाराला पहिल्या तारखेस पैसे मिळतात. स्वयंरोजगारी माणसाची मिळकत ऋतूंवर चालते. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराचे वर्षभराचे उत्पन्न जानेवारी ते एप्रिलच्या खुड्यात येते. विणकराची एक भारी पैठणी मागावर कित्येक महिने चढलेली असते व ती उतरून विकली जाईपर्यंत घरात रोकड नसते. पुरोहिताचे व फुलविक्रेत्याचे हात श्रावणात व सणासुदीत चालतात. सिंहस्थात तर रामकुंड व त्र्यंबकेश्वर परिसरातील लहान विक्रेत्यांची जी कमाई होते, ती बारा वर्षांतून एकदाच येणारी असते. अशा माणसाने दरमहा बँक खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची पद्धत स्वीकारली तर खाते रिकामे असलेल्या महिन्यांत हप्ता थकतो, त्यावर जादा आकार पडतो आणि चारदोन वेळा असे झाले की माणूस योजनाच सोडून देतो.

अटल पेन्शन योजनेत मासिक हप्त्याऐवजी तिमाही किंवा सहामाही हप्ता निवडता येतो. द्राक्ष, कांदा किंवा मक्यावर जगणाऱ्या घरासाठी सहामाही हप्ताच योग्य. तो कोणत्या महिन्यात येईल याचा विचार खाते उघडतानाच करावा, म्हणजे पीक विकले गेल्यानंतर हप्ता कापला जाईल.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत ही लवचिकता याहून अधिक आहे. वर्षात किमान एक हजार रुपये भरले की खाते चालू राहते. ते केव्हा व किती वेळा भरावयाचे हे खातेदाराने ठरवावयाचे असते. चांगल्या हंगामात पन्नास हजार, दुष्काळी सालात एकच हजार, असे चालते. चाळिशी ओलांडलेल्यांनाही येथे प्रवेश आहे. मात्र येथे निश्चित रकमेची हमी नाही. पैसा शेअर, कंपन्यांचे रोखे व सरकारी रोखे यांत गुंतविला जातो, त्यांचे प्रमाण नियमांच्या चौकटीत खातेदाराने निवडावयाचे असते आणि अखेरीस जे साठेल त्यातील काही भाग एकरकमी घेऊन नियमाने ठरलेल्या भागातून विमा कंपनीकडून तहहयात वर्षासन विकत घ्यावे लागते. चाळिशीच्या आतील, प्राप्तिकर न भरणाऱ्या व्यक्तीने अटल पेन्शनचा पाया घालून, सुगीच्या वर्षातील जादा मिळकतीस योग्य असे दुसरे साधन शोधणे हा व्यवहार्य मार्ग दिसतो.

चाळिशी उलटल्यावर

ज्यांचे वय उलटून गेले आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही, परंतु त्यांना भार स्वतःच अधिक उचलावा लागेल. टपाल कार्यालयातील व बँकांतील सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी त्यांच्या उपयोगाचा आहे. वर्षाला किमान पाचशे व कमाल दीड लाख रुपये, मुदत पंधरा वर्षे. पंचेचाळिसाव्या वर्षी उघडलेले खाते साठीच्या सुमारास परिपक्व होते. कर्जाच्या वसुलीपोटी न्यायालयाच्या हुकुमानेही या खात्यावर जप्ती आणता येत नाही. धंद्यात चढउतार पाहणाऱ्या व उधारीवर माल उचलणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने हे संरक्षण व्याजाच्या दराइतकेच मोलाचे आहे. धंदा बुडाला तरी म्हातारपण बुडत नाही.

हा निधी एकरकमी मिळतो, निवृत्तिवेतन म्हणून नव्हे. म्हणून साठीनंतर त्यास मासिक किंवा तिमाही मिळकतीचे रूप देण्याचे काम उरतेच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून तीस लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते व तिमाही व्याज मिळते. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेची मर्यादा एका व्यक्तीस नऊ लाख व संयुक्त खात्यास पंधरा लाख रुपये आहे. एकरकमी पैसा हाती आला की घरात लग्न निघते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. तेव्हा रक्कम हाती येण्यापूर्वीच तिचा मार्ग ठरविलेला बरा.

याउपर ज्यांच्याकडे काहीच शिल्लक राहिले नाही त्यांच्यासाठी राज्य शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना व १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ मध्ये या योजनांचे मासिक साहाय्य एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आले. श्रावणबाळ योजनेसाठी वयाची पासष्ट वर्षे पूर्ण असावी लागतात व कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा फार खालची आहे. अर्ज तहसील कार्यालयाकडे करावयाचा असतो. हे निराधारांसाठीचे साहाय्य आहे. आयुष्यभर कष्ट करून चार पैसे मिळविणाऱ्या कारागिराने त्याच्या भरवशावर राहावे, अशी अपेक्षा त्यात नाही, आणि अल्पसे घरदार असलेला माणूस पुष्कळदा त्यास पात्रही ठरत नाही.

जन्मतारखेचा प्रश्न

ग्रामपंचायत व शाळा यांचा या विषयाशी सरळ संबंध येतो तो जन्मतारखेमुळे. खेड्यापाड्यांत अनेकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख आढळते. नोंदणीच्या वेळी पुरावा नव्हता, वर्ष अंदाजाने सांगितले गेले व दिवस यंत्राने भरला. दोनतीन वर्षे वय जास्त लागले असल्यास सदतीस वर्षांचा विणकर कागदोपत्री चाळिशीपार जातो आणि त्याचे दार विनाकारण बंद होते. वय कमी लागले असल्यास साठी लांबते व तितकी वर्षे निवृत्तिवेतन उशिरा सुरू होते. ज्यांनी दोन वर्गांपुरते का होईना शाळेचे तोंड पाहिले आहे, त्यांची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. ज्यांची नोंद तेथे नाही, त्यांची ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत सापडण्याचा संभव असतो. मुख्याध्यापकांनी जुन्या रजिस्टरावरून दाखला देताना व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जन्मनोंदीचा उतारा देताना अर्जदाराचे वय पस्तीस ते चाळीस दरम्यान असल्यास तो अर्ज त्याच आठवड्यात निकाली काढावा. आधार दुरुस्त होऊन, बँक खाते त्याच्याशी जुळून, योजनेचा पहिला हप्ता कापला जाईपर्यंत काही महिने सहज जातात, आणि अशा अर्जदाराजवळ तेवढेच महिने शिल्लक असू शकतात.